आझाद मैदानावरच्या जी डिव्हिजन क्लबची मेंबरशिप: पैसे वसूल होतात का?

आधीच सांगून टाकतो, हा कुठल्या जिमखान्याचा रिव्ह्यू नाहीये. एसी कार्डरूम, बार, स्विमिंग पूल, रविवारचा बुफे असलं काही शोधत असाल तर इथेच थांबा, मरीन ड्राइव्हला ओळीने जिमखाने आहेत, तिकडे अर्ज करा आणि नातवंडांच्या लग्नापर्यंत नंबर लागायची वाट बघा. मी लिहितोय ते कांगा लीगच्या सगळ्यात खालच्या डिव्हिजनमध्ये खेळणाऱ्या एका क्लबबद्दल, ज्याचं ऑफिस म्हणजे आझाद मैदानावरचा एक तंबू, स्टाफ म्हणजे एक माळी, आणि मॅनेजमेंट म्हणजे एक सेक्रेटरी काका जे बँकेतून रिटायर झालेत आणि फोन सहसा उचलत नाहीत.

नाव देत नाही. खाली थोडं वाईटसुद्धा लिहिणार आहे आणि ही माणसं आधीच मेटाकुटीला आलेली आहेत, उगाच कशाला. आणि दुसरं म्हणजे एफ आणि जी ह्या तळातल्या डिव्हिजनमधले बाकीचे क्लबपण बघितलेत, नाव बदलून वाचलंत तरी काही फरक पडणार नाही, तंबूवरची ताडपत्रीसुद्धा त्याच निळ्या रंगाची असते.

रेटिंग: पाचपैकी साडेतीन. आणि तरीही मेंबरशिप घ्या असं सांगणार आहे, का ते वाचा.

ज्यांना कांगा लीग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डॉ. एच. डी. कांगांच्या नावाने 1948 पासून चालू असलेली मुंबईची क्लब लीग, ए पासून जी पर्यंत सात डिव्हिजन, वर चढणं खाली घसरणं सगळं आहे. बाकी जगात पाऊस आला की क्रिकेट आवरून ठेवतात, मुंबईकरांनी ही लीग मुद्दाम पावसाळ्यातच ठेवली, रविवारी रविवारी, ओल्या विकेटवर (विकेट म्हणजे इथे पिच), म्हणजे बॅट्समनला असल्या विकेटवर उभं राहायची सवय लागावी. मैदानात गवत माजलेलं असतं त्यामुळे तुम्ही कितीही देखणा कव्हर ड्राइव्ह मारा, बॉल पंधरावीस पावलं जाऊन गवतात बसतो आणि तुम्ही एक रन काढून गप्प उभे राहता. रन हवे तर उचलून मारा, उचललं की कॅच. सचिन 1984 मध्ये अकराव्या वर्षी जॉन ब्राइट क्लबकडून ह्याच लीगमध्ये पहिल्यांदा उतरला. दादर युनियन विरुद्ध शिवाजी पार्क जिमखाना असली की बघायला गर्दी व्हायची असं आमच्या वडिलांच्या वयाची माणसं अजून सांगतात. पद्माकर शिवलकरांसारखा माणूस, फर्स्ट क्लासमध्ये 589 विकेट आणि एकही टेस्ट नाही, तो ह्याच मैदानांवरून वर आला. सगळं खरं आहे, सगळ्यांना पाठ आहे, आणि ह्यातलं एकही वाक्य सांगून जी डिव्हिजनच्या क्लबला कुणी डझनभर बॉल उधार देत नाही.

तर आता सर्व्हिसबद्दल. मी जी घेतली ती सोशल मेंबरशिप, म्हणजे लीग टीममध्ये आपलं नाव येणार नाही (माझ्या वयात यायलाही नको), पण वर्षभर नेटवर यायचं, तंबूत खुर्ची मिळते, फ्रेंडली मॅचला अकरा कमी पडले की आपला नंबर लागतो आणि अकरा नेहमीच कमी पडतात. फी वर्षाची म्हणून सांगितली तेव्हा मला वाटलं महिन्याची आहे. चौघांनी मल्टिप्लेक्सला जाऊन पॉपकॉर्न घेतलं तर तेवढे जातातच. उपनगरात टर्फवर बॉक्स क्रिकेट खेळायला आपण तासाला हजार दीड हजार मोजतो, रात्रीचा स्लॉट असेल तर अजून जास्त, आणि ते सुद्धा प्लास्टिकच्या गवतावर जाळीच्या आत टेनिस बॉलने. इथे खरी माती, खरा सीझन बॉल, समोरून एकोणीस वर्षांचा डोंबिवलीचा पोरगा जीव खाऊन बॉल टाकतोय, त्या हिशोबाने फुकट आहे. नेमका हाच क्लबचा प्रॉब्लेम आहे पण ते पुढे.

लोकेशनला पाचपैकी पाच. सीएसएमटीवरून चालत पाच मिनिटं, चर्चगेटवरून जरा जास्त, आता मेट्रो-3 पण मैदानाच्या अगदी कडेला आली. ह्या मेट्रोच्या कामासाठी मैदानाचा एक तुकडा कित्येक वर्षं पत्रे लावून बंद होता आणि त्यात काही क्लबांच्या विकेट गेल्या, त्या क्लबांनी मग शेजाऱ्यांकडे दिवस मागून मागून सीझन काढले. बाकी मैदान कसं आहे ते कधी खेळला नसाल तर कळणं कठीण आहे. एकमेकांत घुसलेल्या मॅचेस, तुमचा डीप मिडविकेट दुसऱ्या मॅचच्या स्लिपच्या शेजारी उभा असतो, तिसऱ्याच मॅचचा बॉल तुमच्या पायात येतो आणि तो कुणाचा हे ओरडून विचारावं लागतं. सचिन-कांबळीची 1988 ची 664 ची पार्टनरशिप इथलीच, पृथ्वी शॉच्या 2013 च्या 546 इथल्याच. पण गंमत अशी की एवढ्या गर्दीत कुणी बघायला आलेला नसतो, जो तो आपापली मॅच खेळत असतो.

एक मायनस आहे तो रेल्वेचा. लीग रविवारी आणि मेगाब्लॉकपण (दुरुस्तीसाठी लोकल बंद) रविवारी. आमच्या टीममधली निम्म्याहून जास्त पोरं बदलापूर, विरार, कळवा अशा ठिकाणची, खांद्यावर किटबॅग घेऊन पहाटेची गाडी पकडतात, आणि ब्लॉक असला की कुर्ल्याला लटकतात. अकरापैकी आठच पोचले म्हणून आठ जणांनी फिल्डिंग सुरू केली असं इथे होतं आणि कुणाला त्याचं विशेष वाटत नाही.

आता मुख्य आयटम, विकेट आणि ती सांभाळणारा माणूस. ह्याबद्दल जरा जास्त लिहितो कारण फी भरताना आपण खरं तर कशाचे पैसे भरतो ते इथे कळतं.

जुलैतला रविवार धरा. रात्रभर पाऊस, सकाळी आठला थांबला. मैदान म्हणजे तळं झालेलं. चाचा (आमचे माळी, सगळे चाचाच म्हणतात, गाव उत्तर प्रदेशात, मुक्काम तंबूत) एक पत्र्याची बादली, एक मोठा स्पंज आणि दोन गोणपाटं घेऊन उतरतात. आधी गोणपाट विकेटवर आडवं टाकायचं, त्यावर उघड्या पायांनी चालायचं म्हणजे पाणी वर येतं, मग ते गोणपाट उचलून कडेला नेऊन पिळायचं. परत टाकायचं. जिथे खड्डा आहे तिथे स्पंज, स्पंज बादलीत पिळायचा, बादली पार लाँग ऑनच्या मागे नेऊन ओतायची कारण जवळ ओतली तर पाणी परत इकडेच येतं. बॉलरच्या पाय पडायच्या जागी लाकडाचा भुसा. मग आठदहा पोरं मिळून हलका रोलर, जड रोलर आत्ता फिरवला तर विकेट रोलरलाच चिकटून वर येईल म्हणून चाचा त्याला हात लावू देत नाहीत. दोन तास हे चालतं, मग अंपायर येतात, वाकून अंगठा दाबतात, अंगठ्याचा ठसा किती खोल गेला ते बघतात, एकमेकांकडे बघतात, आणि तेवढ्यात कधीकधी परत पाऊस येतो. मॅच रद्द. चाचांनी दोन तास जे केलं त्याचा स्कोअरबुकमध्ये कुठे कॉलम नाही.

आणि मॅच झाली तर मात्र मजा बघा. ह्या विकेटवर बॉल थांबून येतो, एक छातीवर उसळतो, पुढचा त्याच टप्प्यावरून घोट्याला लागतो. कॉर्पोरेट लीगमध्ये पन्नासशंभर मारणारे आमच्या ऑफिसमधले एक साहेब पाहुणे म्हणून फ्रेंडली खेळायला आले होते, चार बॉल खेळले, चौथ्याला ग्लोव्हजवर बसला, बाहेर येऊन म्हणाले विकेट डेंजरस आहे. डेंजरस नाही हो, ओली आहे.

तंबूत राहणाऱ्या माळ्यांबद्दल लोकांना कळलं ते यशस्वी जयस्वालमुळे, तो लहानपणी ह्याच मैदानावर माळ्यांबरोबर तंबूत राहिला ते आता सगळ्यांना माहीत आहे. पण लोकांना गोष्टीतला मुलगा लक्षात राहतो, त्या तंबूतले बाकीचे अजून तिथेच आहेत त्यांचं काय. आमच्या क्लबचा वर्षाचा खर्च मी काकांच्या मागे लागून वहीत बघितला. सगळ्यात मोठा आकडा माळ्याच्या पगाराचा, आणि तोच आकडा दर वर्षी दोनतीन महिने मागे पडलेला. म्हणजे बॉलवाल्याचे पैसे द्यावेच लागतात, नाहीतर पुढचा बॉल मिळत नाही. मातीचा ट्रक रोख मागतो. चाचा मात्र थांबतात, कारण ते थांबणारे आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. ह्या एका गोष्टीसाठी मी एक स्टार सरळ कापला आणि काकांना तोंडावर सांगितलं. काका म्हणाले, "तू म्हणतोस ते बरोबर आहे, फक्त पैसे कुठून आणू ते पण सांग." मग मी काय बोलणार.

किटबद्दल. क्लबची किटबॅग उघडली की आधी वास येतो, मग किट दिसतं. पॅडच्या तीन जोड्या, एकीचा पट्टा गेलाय तिथे सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधली आहे आणि ती ओरिजिनलपेक्षा घट्ट बसते. हेल्मेट दोन. डावखुऱ्यांचे ग्लोव्हज नाहीत, डावखुरा असाल तर घरून आणा. बॅट ज्याची त्याची. एल गार्ड (पोटाखाली लावायचं) कृपा करून स्वतःचं घ्या, ह्यावर जास्त लिहीत नाही. धोबी तलावला चालत गेलात की खेळाच्या सामानाची दुकानं आहेत, जुने दुकानदार क्लबवाल्यांना ओळखतात, भाव कमी करतात, आणि बॅटला ग्रिप बसवून देतात.

बॉलचं गणित जरा समजून घ्या. चांगला फोर पीस लाल बॉल हजाराच्या आसपास जातो, प्रॅक्टिसचा स्वस्तातला त्याच्या निम्म्यात मिळतो. पावसाळ्यात ओल्या गवतातून वीसेक ओव्हर फिरला की बॉल पाणी पिऊन फुगतो, शिवण उचकटते, वजन वाढतं, तो परत मॅचला चालत नाही. मग तो नेटला, नेटला मेला की थ्रो डाऊनला, तिथून लहान पोरांच्या कॅचिंगला. त्यापुढे चाचा त्याला दोरी बांधून झाडाला टांगतात आणि पोरं त्यावर बॅट फिरवतात. वाया काही जात नाही, पण नवे लागतातच आणि सीझनभर लागतात.

नेट दोन आहेत, एक बरं, एक भोकं असलेलं. भोकाच्या मागे उभे राहू नका. कोच आठवड्यातून काही दिवस येतात, स्वतः पूर्वी क्लब क्रिकेट खेळलेले, बोलतात कमी, आणि तुमच्या टेक्निकवर उपकार म्हणून एखादं वाक्य टाकतात, "डोकं पडतंय" किंवा "हात आधी जातोय", एवढंच, पण ते वाक्य बरोबर असतं. महिन्याला काही हजार घेणाऱ्या अकॅडमीत माझा भाचा जायचा, तिथे त्याचे व्हिडिओ भरपूर काढले, इथे येऊन त्याला पहिल्यांदा कळलं की त्याचा पुढचा पाय जातच नाही.

मुली पण यायला लागल्यात हे मुद्दाम लिहितो. नोव्हेंबर 2025 मध्ये डी. वाय. पाटील स्टेडियमला आपल्या मुलींनी वर्ल्ड कप जिंकल्यावर आणि त्याच्या आधी सेमीफायनलला आपल्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद 127 मारल्यावर आयांचे फोन यायला लागले, मुलीला नेटला आणू का म्हणून. काका हो म्हणाले, कोच हो म्हणाले, पण कपडे बदलायला जागा नाही, टॉयलेट नाही, सार्वजनिक आहे ते लांब आहे आणि त्याच्याबद्दल न बोललेलं बरं. दोघीतिघी येऊन बंद झाल्या त्या खेळ आवडला नाही म्हणून नव्हे. मैदानावर पक्कं बांधकाम करता येत नाही हे मान्य, पण पडदा लावून एक कोपरा वेगळा करायला कुणाची परवानगी लागत नाही. इथे क्लब कमी पडला. अर्धा स्टार इथे गेला.

खाणंपिणं: चहा कटिंग, वडापाव, मॅचच्या दिवशी कुणाच्या तरी घरून आलेली भाजीपोळी. खाऊ गल्ली जवळ आहे, धोबी तलावच्या इराण्याकडे बन मस्का आहे. उपाशी राहणार नाही.

आता क्लब मेटाकुटीला का आलाय. लोक म्हणतात पैसा नाही, क्रिकेटमध्ये पैसा नाही असं कसं म्हणणार, वर भरपूर आहे, टी-20 मुंबई लीग आहे, रणजीच्या पोरांना मॅच फी आहे. खाली झिरपत नाही हे खरं पण तेवढंच कारण नाही. पूर्वी टाटा, एसीसी, निर्लॉन, मफतलाल, बँका, रेल्वे ह्या लोकांच्या ऑफिस टीम होत्या, टाइम्स शील्ड ही ऑफिसांची स्पर्धा खेळायला म्हणून क्रिकेटरला नोकरी मिळायची, मग तो पोरगा शनिवार ऑफिसकडून आणि रविवार क्लबकडून खेळायचा, पगार ऑफिस द्यायचं, बूटसुद्धा ऑफिस द्यायचं, क्लबला तो फुकटात पडायचा. त्या नोकऱ्या आटल्या. आता विशीतला पोरगा नोकरी करतो ती डिलिव्हरीची नाहीतर कॉल सेंटरची, रविवारी तिथे सुट्टी नाही. दुसरीकडे टेनिस क्रिकेट आहे. कोकणात, ठाण्यात, रायगडात नाइट टुर्नामेंट, मॅन ऑफ द सिरीजला बाइक, यूट्यूबवर लाइव्ह, एका वीकेंडला पोरगा चार पैसे घेऊन घरी येतो. आमचा सगळ्यात फास्ट बॉलर गेल्या सीझनला असाच गेला, त्याला कोण काय बोलणार, जी डिव्हिजनमध्ये पाच विकेट काढल्या तर त्याला मिळतो वडापाव आणि ग्रुपवर अंगठे.

आणि अजून एक. मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या निवडणुकीत क्लबला मत असतं. त्यामुळे ज्या क्लबकडे बॉलला पैसे नसतात त्या क्लबच्या काकांना निवडणुकीच्या वर्षी नमस्कार घालायला मोठी मोठी माणसं येतात, तंबूत बसून चहा पितात, जुन्या आठवणी काढतात. नंतर थेट पुढच्या निवडणुकीला. काही क्लब तर मतापुरतेच जिवंत आहेत, टीम कुणाची, पोरं कुणाची, पत्ता कुणाचा काही कळत नाही. म्हणून क्लब निवडताना आधी बघा, खरंच रोज संध्याकाळी नेट लागतं का. लागत असेल तर क्लब खरा.

बरं, मदत करायची तर कशी, हे मला बरेच जण विचारतात म्हणून लिहितो, आणि माझं म्हणणं एकच आहे, दानशूर होऊ नका, गिऱ्हाईक व्हा. वर म्हटलं ना की फी इतकी कमी आहे की तोच प्रॉब्लेम आहे. क्लबला वर्षातून एकदा मिळालेली मोठी देणगी पचत नाही, तिचं काय करायचं ह्यावरून कमिटीत भांडणं होतात, एकदा तर मोठी ट्रॉफी बनवली, चांदीचा मुलामा वगैरे, ती ठेवायला तंबूत जागा नाही म्हणून एकाच्या घरी आहे. क्लबला हवे असतात महिन्याला येणारे छोटे पैसे, म्हणजे चाचांचा पगार एक तारखेला निघतो. आम्ही काही जणांनी मिळून तेवढंच केलं, प्रत्येकाने दरमहा ठरलेली रक्कम, ऑटो पेवर, थेट माळ्याच्या पगाराच्या खात्यावर, दुसऱ्या कशाला वापरायची नाही असं काकांकडून लिहून घेतलं. त्यांना थोडा राग आला होता. पगार वेळेवर निघायला लागल्यावर गेला.

ऑफिसची मॅच असेल तर टर्फ बुक करण्याऐवजी मैदानावरची विकेट भाड्याने घ्या, मधल्या वारी, ऑफ सीझनला, क्लबचं खरं उत्पन्न ते आहे. विकेट, स्टंप, माळी, तंबू, सगळं धरून भाडं बाविसात वाटलं तर डोक्यावर काहीच येत नाही. आणि भाडं आधी द्या, नंतर देतो म्हणून गायब होणाऱ्या ऑफिस टीम ह्या मैदानाला नवीन नाहीत. एका मोठ्या कंपनीच्या टीमने आमच्या क्लबचं भाडं दिवाळीच्या आधी बुडवलं ते अजून यायचंय, नाव घेत नाही, त्यांच्या शर्टावर टीमवर्क असं छापलेलं होतं.

शर्टावरून आठवलं, कृपा करून टी-शर्ट वाटू नका. प्रत्येक वॉर्डात कुणी ना कुणी फोटो छापलेले टी-शर्ट वाटतो, आमच्या पोरांकडे चार चार आहेत, कांगा पांढऱ्यात खेळतात त्यामुळे ते चालतही नाहीत. बॉलचा डझन द्या. त्यावर फोटो छापता येत नाही म्हणून कुणी देत नाही.

जुनं किट द्यायचं असेल तर लहान मुलांच्या साइजचं द्या, मुलं वर्षात मोठी होतात आणि पॅड घरातल्या पोटमाळ्यावर पडून राहतात, ते सोन्यासारखं उपयोगी पडतं. स्पाइक्स चालतील, कुठल्याही नंबरचे. एकदा डोक्यावर बॉल खाल्लेलं हेल्मेट देऊ नका, बाहेरून ठीक दिसतं पण त्याचं काम संपलेलं असतं, ते कचऱ्यातच टाका. फाटके ग्लोव्हज घर साफ होतंय म्हणून क्लबला, असं पण नको.

तुम्ही सीए असाल तर तुमची खूप गरज आहे, बॅट्समन एकवेळ मिळेल. हे क्लब सोसायटी आणि पब्लिक ट्रस्ट म्हणून रजिस्टर असतात, म्हणजे दर वर्षी ऑडिट, कमिटी बदलली की धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट, आणि ह्यातलं काही वर्षानुवर्षं केलेलं नसतं कारण करणारे काका वारले आणि फाइल त्यांच्या कपाटात. मग कुणी भला माणूस म्हणतो माझ्या कंपनीच्या सीएसआरमधून (समाजकार्याच्या पैशातून) देतो, खेळाचं ट्रेनिंग सीएसआरच्या यादीत येतंही, पण त्यासाठी संस्थेकडे इन्कम टॅक्सचं 12ए आणि 80जी रजिस्ट्रेशन हवं, सीएसआर-1 फॉर्म भरलेला हवा. आमच्याकडे रबर स्टँप होता. आता एक ओळखीच्या मॅडम हे कागद लावतायत, फी घेत नाहीत, त्यांना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही, आणि ह्या क्लबसाठी गेल्या कित्येक वर्षांत कुणी केलं नसेल एवढं काम त्यांनी केलंय.

स्कोअरिंग येत असेल तर रविवारी या. ॲपवर करा नाहीतर वहीत करा पण बसा, नाहीतर बाद झालेला बॅट्समन स्कोअर लिहितो, चिडलेला असतो, आणि एक्स्ट्रा विसरतो.

कुणी ही मेंबरशिप घेऊ नये तेही सांगतो. ज्याला मुलाला दोन वर्षांत आयपीएलमध्ये बघायचंय त्यांनी नको. ज्याला पावती लगेच हवी असते त्यांनीही नको, पावतीबुक कधी काकांच्या घरी असतं कधी तंबूत, पण मागा, सोडू नका, पावती मागणारे दोघेचौघे असले की हिशोब आपोआप सरळ राहतो. गुडघे दुखत असतील तर चालेल, स्लिपमध्ये उभं करतात.

घ्यायचीच असेल तर मे महिन्यात घ्या. ताडपत्री, लाल माती, नव्या बॉलची ऑर्डर सगळं जूनच्या आधी लागतं, तेव्हा आलेले पैसे ऑगस्टमध्ये आलेल्या पैशाच्या दुप्पट उपयोगी पडतात. फोनच्या नादाला लागू नका, संध्याकाळी पाचनंतर सरळ तंबूवर जा, चाचांना विचारा, ते वही काढून नाव लिहून घेतात आणि यूपीआयचा कोड तंबूच्या मधल्या बांबूला चिकटवलेला आहे. नेटला मधल्या वारी जा, शनिवारी प्रत्येकाला जेमतेम बारा बॉल येतात, बुधवारी कुणी नसतं, हात दुखेपर्यंत बॅटिंग मिळते, फक्त नंतर तेवढीच बॉलिंग पण टाकावी लागते.